जंतूविना जळणारे मूत्राशय : औषधोपचारांचा राजधानीतील पेच

२८ डिसेंबर २०२५ रोजी प्रसारित झालेल्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाचा उल्लेख केला. न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांसारख्या विकारांवर प्रतिजैविके निष्प्रभ ठरू लागल्याकडे त्यांनी लक्ष वेधले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना ही औषधे घेऊ नयेत, असे आवाहन केले. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा हा प्रश्न गंभीर आहे, याविषयी दुमत नाही. मात्र त्याला आणखी एक बाजू आहे. मूत्राशयात जळजळ, ओटीपोटात वेदना आणि वारंवार लघवीला जावे लागणे ही सारी लक्षणे असूनही ज्यांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत, अशा रुग्णांनाही वर्षानुवर्षे प्रतिजैविकेच दिली जातात. त्या गोळ्यांनी त्यांचा आजार बरा होत नाही; जंतूंना मात्र औषधे पचवण्याची सवय लागते.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ असे नाव आहे. २००८ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणजे मूत्राशयवेदना लक्षणसमूह असे नाव सुचवले आणि आता ही दोन्ही नावे जोडीने वापरली जातात. मराठीत ‘अंतरालीय मूत्राशयशोथ’ असा पारिभाषिक शब्द घडवता येतो, पण तो उच्चारून कोणाही रुग्णाला आपल्या दुखण्याची ओळख पटणार नाही. आपल्याकडे यासाठी घरोघरी बोलला जाणारा शब्द आहे ‘उन्हाळी लागणे’. मात्र या शब्दात उन्हाच्या तडाख्याने होणारी साधी जळजळ, जंतुसंसर्गाने होणारी आग आणि महिनोन्‌महिने न हटणारी वेदना ही सगळीच एकत्र येतात. दिल्लीच्या दवाखान्यांतही वेगळी स्थिती नाही. तेथे ‘यूटीआय’ ही तीन अक्षरे हेच काम करतात. चिठ्ठीवर एकदा ती लिहिली गेली की पुढचा डॉक्टर तीच पुढे चालवतो.

तसे पाहता हा आजार नवा नाही. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी १८८७ मध्ये या नावाचा उपयोग केला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील गाय हनर यांनी १९१५ मध्ये काही रुग्णांच्या मूत्राशयात आढळणाऱ्या विशिष्ट व्रणाचे वर्णन केले. तो व्रण आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुरुषांनाही हा विकार होतो, परंतु त्यांच्या बाबतीत बहुधा प्रोस्टेटला दोष दिला जातो. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार अमेरिकेत ३३ लाख ते ७९ लाख प्रौढ स्त्रियांमध्ये याची लक्षणे असावीत. मूत्राशय भरू लागले की वेदना वाढते आणि रिकामे झाले की काही काळ उतरते, ही त्याची ठळक खूण. काही रुग्णांना दिवसरात्रीत चाळीस-पन्नास वेळा उठावे लागते. झोप मोडते, नोकरी सुटते, दाम्पत्यजीवनावर सावट येते. तपासणी अहवाल मात्र ‘सर्वसामान्य’ असतो, आणि मग घरातले व बाहेरचेही दुखणे मनाचे असल्याचे सुचवू लागतात.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर शर्करायुक्त रेणूंचा एक संरक्षक थर असतो. तो झिजला की लघवीतील क्षार, विशेषतः पोटॅशियम, आत झिरपतात आणि मज्जातंतूंना डिवचतात, असा एक प्रमुख सिद्धांत आहे. मास्ट पेशींतून स्रवणारे हिस्टामिन, मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता आणि ओटीपोटाच्या स्नायूंचा ताठरपणा यांचाही त्यात वाटा मानला जातो. सर्वच रुग्णांत ही कारणे सारख्या प्रमाणात नसतात. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला का लागू पडत नाही, याचे मूळ बहुधा येथेच आहे.

केमिस्टच्या फळीपासून सुरू होणारा उपचार

दिल्ली आणि प्रतिजैविके यांचा संबंध जगाच्या वैद्यकीय इतिहासात एका कटू नावाने नोंदला गेला आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये एक जंतू सापडला. अतिशय प्रभावी अशा कार्बापेनेम गटातील औषधांनाही तो दाद देत नव्हता. त्या जंतूच्या प्रतिकारामागील विकराला २००९ च्या शोधनिबंधात ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, अर्थात एनडीएम-१ असे नाव देण्यात आले. शहराचे नाव जोडल्याबद्दल भारताने तीव्र आक्षेप घेतला आणि तो अनाठायी नव्हता. परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये या विकराचे जनुक आढळले, ही वस्तुस्थिती नावाच्या वादाने पुसली जात नाही. ही सारी कहाणी लघवीच्या एका नमुन्यापासून सुरू झाली, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

यानंतरच्या काळात नियम कडक झाले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत शेड्यूल एच-१ ही नवी यादी घालण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तीत ४६ औषधे होती. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवणे आणि ती नोंद तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक झाले. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके या यादीत आली. लघवीच्या जळजळीसाठी सर्रास मागितली जाणारी नॉरफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन आणि नायट्रोफ्युरँटॉइन मात्र तीत नव्हती. ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठी आवश्यक पण वही नाही, अशा सैल पिंजऱ्यात राहिली. २०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने पाकिटावरील लाल रेघेविषयी जनजागृती मोहीम काढली आणि २०१७ मध्ये पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला. तरीही युसुफ सराय किंवा लक्ष्मीनगरच्या दुकानात ‘पेशाब में जलन’ एवढे शब्द उच्चारले की पाच दिवसांच्या गोळ्या आणि गुलाबी सिरपची बाटली पुढ्यात येणे अजूनही दुर्मीळ झालेले नाही.

राजधानी क्षेत्राची रचना या ढिलाईला हातभार लावते. औषधविक्रीचे परवाने देण्याचा आणि दुकाने तपासण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. त्यामुळे दिल्लीतील दुकान दिल्लीच्या औषध नियंत्रण विभागाच्या, गुरुग्राम व फरिदाबादचे हरियाणाच्या आणि नोएडा व गाझियाबादचे उत्तर प्रदेशच्या अखत्यारीत येते. रोज मेट्रोने दोन सीमा ओलांडणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या पर्समध्ये तीन राज्यांतील तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असू शकतात आणि एकाने काय दिले याची दुसऱ्याला खबर नसते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे मुख्यालय कोटला मार्गावर आहे, पण शेजारच्या गल्लीतील दुकानाची वही तपासायला तेथून निरीक्षक निघत नाही.

यात भर पडली ती मिश्र गोळ्यांची. ओफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आणि मूत्राशयाची आकडी सैल करणारे फ्लॅव्होक्सेट ही दोन औषधे एकाच गोळीत घालून देशात विकली गेली. रुग्णाला आराम पडतो तो बहुधा फ्लॅव्होक्सेटने. श्रेय जाते प्रतिजैविकाला आणि पुढच्या वेळी तीच गोळी मागितली जाते. एकंदर मिश्र औषधांबाबत सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथून ते औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपवण्यात आले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बाद झाली. एवढ्या लांबलेल्या प्रक्रियेत दुकानदार आणि डॉक्टर यांच्या सवयी पक्क्या झाल्या, ही खरी हानी म्हणावी लागेल.

या साखळीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कडी आहे ती लघवीच्या कल्चरची. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी द्यावा लागतो आणि अहवालास साधारणतः दोन दिवस लागतात. वेदनेने कासावीस झालेला रुग्ण थांबत नाही आणि गर्दीने वेढलेला डॉक्टरही थांबवत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू आढळले नाहीत, तर ते मुळातच नव्हते की औषधाने मेले, हे कोणालाच सांगता येत नाही. दोन-तीन वेळा योग्य रीतीने केलेले कल्चर कोरे आले, तरच हा संसर्ग नसून दुसरे काही आहे, या विचाराला वाट मिळते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या विकारासाठी दीर्घकाळ प्रतिजैविके देऊ नयेत, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. तोंडावाटे दीर्घकाळ स्टिरॉइड देण्याविरुद्धही त्यात इशारा आहे.

भारतात आणखी एका शक्यतेकडे डोळेझाक करता येत नाही, ती म्हणजे क्षयाची. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. क्षयाने मूत्राशय आक्रसते, वारंवार लघवी होते, लघवीत पू-पेशी दिसतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. वरवर पाहता चित्र अगदी तेच. शिवाय लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात परिणाम करतात. त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते. पाश्चात्त्य मार्गदर्शिकेचा क्रम जसाच्या तसा उचलून इंटरस्टिशियल सिस्टायटिसचे लेबल लावणारा डॉक्टर येथे मोठी चूक करू शकतो. मूत्राशयाचा प्रारंभिक कर्करोग, खडा आणि एंडोमेट्रिओसिस यांचीही शहानिशा व्हावी लागते. तरुण रुग्णाला केटामिनविषयी विचारणेही आता आवश्यक झाले आहे. नशेसाठी हे भूलीचे औषध घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची गंभीर हानी होते, हे टोरांटोतील डॉक्टरांनी २००७ मध्ये नऊ रुग्णांच्या आधारे दाखवून दिले. भारतात केटामिन शेड्यूल एक्स या अधिक कडक यादीत आहे.

औषधे आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे

निदान झाल्यावर तरी मार्ग सोपा होतो का? दुर्दैवाने नाही. या आजाराला मुळासकट उपटणारे औषध नाही. आहेत ती वेदना आणि वारंवारता आटोक्यात ठेवणारी. त्यांतही ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार योजना करावी लागते.

अमिट्रिप्टिलिन हे जुने, स्वस्त औषध येथे फार उपयोगी पडते. ते मूळचे नैराश्यावरचे. पण अल्प मात्रेत मज्जातंतूंच्या वेदना शमवते, मूत्राशयाला सैल करते आणि झोपही देते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २७१ रुग्णांचा समावेश होता. सर्व रुग्ण एकत्र धरले तर हे औषध आणि लुटूपुटूची गोळी यांत निर्णायक फरक दिसला नाही; मात्र ज्यांना ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सोसली, त्यांच्यापैकी ६६ टक्क्यांना बरे वाटले आणि लुटूपुटूच्या गोळीवर हे प्रमाण ४७ टक्के होते. म्हणजे औषध कामाचे, पण सोसेल त्याला. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, सकाळची गुंगी आणि वजनवाढ यांमुळे पुष्कळ जण ते मध्येच सोडतात. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. घरातील कोणी इंटरनेटवर औषधाचे नाव शोधतो, ‘नैराश्यावरील गोळी’ असे वाचतो आणि रुग्णाला वेडे ठरवले गेल्याचा समज करून घेऊन पाकीट बाजूला ठेवतो. हे औषध कशासाठी दिले आहे, ते दोन वाक्यांत सांगायला डॉक्टरला मिनिटभरही लागणार नाही. त्या दोन वाक्यांअभावी उपचार फुकट जातो. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरील औषध मास्ट पेशींच्या सिद्धांतानुसार दिले जाते. त्यानेही गुंगी येते आणि त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे.

या विकारासाठी खास म्हणून ओळखले जाणारे तोंडावाटे घ्यायचे औषध एकच, पेंटोसन पॉलिसल्फेट सोडियम. बीच वृक्षाच्या लाकडातील द्रव्यापासून ते तयार होते आणि मूत्राशयाच्या झिजलेल्या अस्तरावर लेप चढवते, अशी त्यामागील कल्पना आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर १९९६ मध्ये त्यास मान्यता दिली. ती ज्या चाचणीवर आधारलेली होती, तीत तीन महिन्यांनी ३८ टक्के रुग्णांची वेदना निम्म्याहून कमी झाली. लुटूपुटूच्या गोळीवर असे १८ टक्के होते. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत वेगळेच आढळले. दिवसातून एकदा औषध घेणारे, तीनदा घेणारे आणि लुटूपुटूची गोळी घेणारे अशा तिन्ही गटांत सुमारे ४० टक्के रुग्णांना सुधारणा जाणवली. औषधाने वेगळे काही साधले नाही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवण्यात आली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये मूत्राशयात व्रण किंवा रक्तबिंदू दिसणाऱ्या रुग्णांसाठी काही अटींवर त्याची शिफारस केली. सरसकट सर्वांना न देता निवडक रुग्णांना द्यावे, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो सध्याच्या पुराव्याशी सुसंगत वाटतो.

या औषधाविषयीचा खरा धक्का मूत्राशयाशी संबंधित नव्हता. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या नेत्रकेंद्रातील डॉ. निरज जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे सारे दीर्घकाळ पेंटोसन घेत होते. त्यांना वाचताना अडखळू लागले होते, उजेडातून अंधारात आले की दिसेनासे होत होते आणि त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूपाशी, रंगद्रव्याचे विचित्र डाग पडले होते. पाठोपाठ इतर ठिकाणांहूनही अशा नोंदी आल्या. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये आणि अमेरिकी प्रशासनाने जून २०२० मध्ये माहितीपत्रकात इशारा समाविष्ट केला. औषध सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दृष्टिपटलाची तपासणी करावी आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहावी, असे अमेरिकी सूचना सांगते. औषध थांबवल्यावरही हानी पुढे सरकू शकते, ही त्यातील सर्वांत चिंतेची गोष्ट. शिवाय हे औषध किंचित रक्त पातळ करते. अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना सांगणे गरजेचे आहे.

पेंटोसन भारतात अनेक नाममुद्रांखाली मिळते. अडचण आहे ती मूत्ररोगाचा डॉक्टर आणि नेत्ररोगाचा डॉक्टर यांच्यातील अंतराची. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ पासून त्याच आवारात आहे. मनात आणले तर एकाच खेपेत दोन्ही तपासण्या होऊ शकतात. पण मीरतहून किंवा रोहतकहून पहाटेची गाडी धरून आलेल्या रुग्णाला लघवीच्या औषधासाठी डोळे का तपासायचे, हे पटवून द्यावे लागते. ते पटवले गेले नाही तर तो दुसऱ्या रांगेत उभा राहत नाही, आणि यात त्याचा दोष मानता येणार नाही.

गोळ्यांखेरीज नळीवाटे थेट मूत्राशयात औषध सोडण्याची पद्धतही जुनी आहे. डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रव्यास अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली. हेपॅरिन, लिग्नोकेन, हायल्युरॉनिक आम्ल यांचाही त्यासाठी वापर होतो. तोंडावाटे आणि नळीवाटे अशा दोन्ही औषधांची सांगड घालणाऱ्या उपचारांविषयी दिल्लीतील डॉ. राजेश तनेजा आणि डॉ. के. के. जवादे यांनी २००७ मध्येच एका स्कँडिनेव्हियन वैद्यकीय नियतकालिकात लेखन केले होते. म्हणजे राजधानीत या विषयाचे ज्ञान नव्हते असे नाही. ते मोठ्या रुग्णालयांच्या भिंतींबाहेर पोहोचले नाही. हनरचा व्रण असल्यास दुर्बिणीतून तो जाळून टाकण्याने पुष्कळांना लक्षणीय आराम मिळतो, आणि येथे गोळ्यांवर वेळ दवडण्यात अर्थ नसतो. त्यासाठी दुर्बीण घालून पाहणारा आणि तो व्रण ओळखणारा मूत्ररोगतज्ज्ञ गाठणे ही पहिली अट आहे.

खर्चाचा भार कोणावर

या आजाराचे स्वरूप आपल्या सरकारी विमायोजनांच्या चौकटीत बसत नाही. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि दिल्ली त्यात एप्रिल २०२५ मध्ये सामील झाली. ती योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च तीत धरला जातो. मूत्राशयवेदनेचा रुग्ण मात्र क्वचितच दाखल होतो. त्याला वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागाच्या खेपा घालाव्या लागतात आणि दरमहा गोळ्या विकत घ्याव्या लागतात. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेखालील, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यांतून औषधे मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची गोष्ट वेगळी. त्याच इमारतीत कंत्राटावर काम करणाऱ्या स्त्रीला ती सवलत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत ३८४ औषधे आहेत. अमिट्रिप्टिलिन त्यात आहे, त्यामुळे त्याची कमाल किंमत नियंत्रित आहे. पेंटोसनला त्यात स्थान नाही. पुराव्यांतील तफावत पाहता ते सूचीत घालावे असा आग्रह धरणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु आधी स्वस्त औषध, मग गरजेनुसार महाग औषध, असा क्रम सरकारी रुग्णालयांसाठी लिहून ठेवण्यास कोणतीच हरकत नसावी. सध्या काही रुग्णांना पहिल्याच भेटीत सर्वांत महाग गोळी लिहून दिली जाते, तर काहींना दहाव्या भेटीतही प्रतिजैविकच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मधुमेह आणि रक्तदाब यांची मोजणी होते. मूत्राशयवेदनेविषयी प्रश्न विचारला जात नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याची तरतूद अंदाजपत्रकात कशी होणार?

औषधांच्या जोडीने आहाराचाही विचार होतो, आणि येथे आपले घरगुती उपाय कधी कधी उलटे पडतात. जळजळ होते म्हणून लिंबू सरबत किंवा कोकम सरबत प्यायले जाते. मूत्राशयवेदनेच्या अनेक रुग्णांत आंबट पदार्थ, चहा-कॉफी आणि तिखट यांनीच त्रास वाढतो. धण्या-जिऱ्याचे पाणी, बार्ली, सब्जा यांनी निदान अपाय होत नाही. सर्वांना सारखेच पथ्य लागू पडत नसल्याने काय खाल्ल्यावर वेदना वाढली, याची रुग्णाने स्वतःच नोंद ठेवणे हिताचे असते.

दिल्लीत चाळीस वेळा लघवीला जावे लागणे म्हणजे काय, याचा विचार गोळीच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा ठरतो. स्वच्छतागृह सापडणार नाही या धास्तीने स्त्रिया पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते आणि आग वाढते. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हाच प्रश्न रस्त्यावर आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला. तो आदेश न्यायालयांपुरता आहे. बाजारपेठा, बसथांबे आणि औद्योगिक वसाहती यांना तो लागू नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांतही हा विकार नाही, त्यामुळे कामाच्या ठिकाणी अधिक वेळा उठण्याची मुभा मागण्यास रुग्णाकडे कायदेशीर आधार तोकडा पडतो.

औषध नियंत्रण यंत्रणेच्या हातात तूर्त दोन गोष्टी आहेत. नॉरफ्लॉक्सॅसिन आणि ओफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे एच-१ च्या नोंदवहीत आणणे ही पहिली. दुसरी गोष्ट भाषेची आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक इंग्रजीत असते, तेही भिंगाखाली धरावे लागेल अशा अक्षरांत. पेंटोसनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या सोनीपतच्या किंवा सोलापूरच्या बाईला ‘वाचताना अक्षरे अंधूक दिसू लागली, अंधारात चाचपडायला झाले, तर लगेच डोळे दाखवा’ एवढे एक वाक्य तिच्या भाषेत पाकिटावर मिळायला हवे. त्याचे भाषांतर करायला पाच मिनिटे पुरतील.